मालकीची साखळी

हिंजवडी, फेज तीन. रात्रीचे साडेदहा.
तिकडे ओक्लाहोमात भर दुपारचे बारा,
आणि माझ्या पडद्यावर एक शेत उघडं:
एकशे साठ एकर, चौरस,
पट्टीनं आखलेलं.
कुठे ओढा आडवा येत नाही,
बांधावरची बाभळ नाही, बांधच नाही.

काम सोपं. आजच्या मालकापासून मागे मागे जायचं,
खरेदीखतामागचं खरेदीखत,
बोजा, वारस, कोर्टाचा हुकूम,
कडीत कडी अडकवत पहिल्या नावापर्यंत.
तासाला दोन फायली.
चुकलं तर मेहजबीन तांबोळी
चष्म्यावरून नुसतं बघते.

ट्रेनिंगला तिनंच घोकून घेतलं होतं:
सेहेचाळिसावं राज्य, एकोणीसशे सात, सोळा नोव्हेंबर.
काउंट्या सत्त्याहत्तर.
आकार चहाच्या पातेल्याचा, दांडा पश्चिमेला.
राजधानी आधी गथ्री, तीन वर्षांत ओक्लाहोमा सिटी,
आणि राज्याचा शिक्का म्हणे रातोरात
धुण्याच्या गाठोड्यातून पळवला.
मला नवल वाटलं नाही. आमच्या ग्रामपंचायतीचा शिक्का
सरपंचबाईंच्या दिराच्या स्कूटरच्या डिकीत असायचा.

नाव चोक्टॉ भाषेतलं.
ओक्ला म्हणजे लोक, हुम्मा म्हणजे लाल.
जुन्या कागदांवर राज्याच्या जागी छापलेलं असतं:
इंडियन टेरिटरी.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा
गर्दीत कुणी आपल्या नावानं दुसऱ्यालाच हाक मारावी
तसं मी वर बघितलं.
एका दर्यावर्द्याची दिशा चुकली
आणि आमचं नाव त्यांच्या दारात जाऊन पडलं.

पूर्वेकडून त्यांना चालवत आणलं, अठराशे तीसनंतर,
ऐन थंडीत.
गवत उगवतंय, पाणी वाहतंय तोवर
ही जमीन तुमची, असं सांगून.
मग एकोणनव्वदचा एप्रिल, बावीस तारीख.
ठीक बाराला बिगूल वाजला
आणि उरलेल्या जमिनीवर माणसं धावत सुटली,
घोड्यांवरून, बग्ग्यांतून, पायी.
जी आधीच झुडपांत दडून बसली होती
त्यांना सूनर म्हणत. शिवी होती ती.
आता राज्य स्वतःला कौतुकानं तेच म्हणवतं.
पुढे तेल लागलं. पुढे इतकं नांगरलं
की तीसच्या दशकात मातीच उठून निघून गेली.

आजच्या फायलीत पहिलं नाव
लीना फिक्सिको. क्रीक. वय नऊ.
तिच्या वाट्याला आलेले पूर्ण एकशे साठ.
पुढची कडी: कोर्टानं नेमलेला पालक.
त्याच्या पुढची: तेल कंपनी.
तिची सही म्हणजे एक फुली,
शाई जरा फुटलेली.

आमच्या सातबाऱ्यावर मी अशीच होते.
माझ्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान,
पालनकर्ता चुलता दामोदर.
वडील गेले त्या साली मी तिसरीत होते.
फेरफार झाला तेव्हा चौथीत.
काकांनी त्या पैशातून बोलेरो घेतली,
माझं कॉलेजही केलं. त्यांना मी वाईट म्हणणार नाही.
चांगलं म्हणायचं तर कागद पाहावे लागतील,
आणि ते मी, जी दिवसाला सोळा फायली उकलते,
अजून काढलेले नाहीत.

आमची विहीर गेट तीनच्या आसपास होती.
आसपास म्हणते, कारण खुणेचे दगड
पार्किंग घालताना उपटले.
कॉफीच्या मशीनपाशी कधी कधी उभी राहते
आणि अंदाज बांधते.

साडेअकरा. मेहजबीन घड्याळाकडे बघते.
लीनाचं पुढे काय झालं ते
या रजिस्टरात नाही, ते विचारलेलंही नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते:
साखळी सलग. दोष आढळला नाही.

पुढची फाइल, कॅडो काउंटी.
चौरस उघडतो.